जोंगा घेतलीस, आता खालून बघ

भावा, लष्कराच्या डिस्पोजलमधली जोंगा, म्हणजे जुनी लष्करी जीप, मिळाली, झकास झालं! जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्याची बांधणी दणकट असते, पण वरच्या हिरव्या रंगावर भुलू नको. गाडी नीट टेकूवर घे, खाली झोप आणि चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, हातोडीने हलकेच टकटक कर. खणखणीत वाजली तर पत्रा जिवंत. बसका आवाज आला, तांबूस खपल्या गळल्या, तर आतून खाल्लंय समज. पाणी निघायची भोकं चिखलाने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी कर.

गंजावरच काळं अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या खालून मारायचा जाड लेप, अजिबात मारू नको, कुणी कितीही आग्रह करो. ओल आत अडकते आणि पत्रा गुपचूप सडतो. आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज काढणं, करून घे, त्याच दिवशी झिंक फॉस्फेट प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर), मग रंग. हे काम उन्हाळ्यातच उरक. आपल्या जूनच्या हवेत उघडा पत्रा काही तासांत तांबूस पडतो. पोकळ भागांत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, सोड.

आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवू नको, आत घाम धरतो. शेड हवेशीर पाहिजे. गगनबावड्याहून आलास की आधी चाकांच्या कमानीतला चिखल धू.