कन्नडमधली हत्ती आणि आपला हत्ती

प्रश्न असा आलाय की शेजारच्या काकू जतकडच्या, त्या कापसाला 'हत्ती' म्हणतात, ही चेष्टा आहे का, आणि नसेल तर आपल्या सोंडेवाल्या हत्तीशी त्याचा काय संबंध?

चेष्टा नाही हो, कन्नडमध्ये कापूस म्हणजे हत्तीच. मी मिरजेत वाढलो, आमच्या वाड्याच्या मालकीणबाई घरात कन्नड बोलायच्या नि आमच्याशी मराठी, पण मिसळ व्हायचीच, एकदा उन्हात उशी उसवून बसलेल्या, काय करताय विचारलं तर म्हणे "हत्तीच्या गाठी झाल्यात रे, पिंजून घालते." मी पाच-सहा वर्षांचा, उशीत वाकून बघितलेलं खरंच.

संबंध मात्र शून्य. आपला हत्ती संस्कृत हस्तिन् वरनं आला, हस्त म्हणजे हात, सोंड हाच त्याचा हात, मधे प्राकृतात हत्थी झाला. कन्नडची हत्ती वेगळ्याच वाटेनं आलीय. जुन्या कन्नडमध्ये शब्दाच्या सुरवातीला जो 'प' होता त्याचा पुढं 'ह' झाला, तमिळमध्ये तो अजून टिकून आहे, म्हणून तिकडं कापूस परुत्ति नि इकडं हत्ती. वाघ तिकडं पुलि, इकडं हुली. दूध तिकडं पाल, इकडं हालु. आता हा हालु ऐकून कुणाला 'आमचे लई हाल झाले' मधले हाल आठवतील, तर ते मूळचे अरबी, फारसीतनं आपल्याकडं आलेले, अर्थ नुसता अवस्था, वाईट अवस्था आपण केली.

दोन शब्द सारखे ऐकू आले की 'बघा, मूळ एकच' असं ठोकून देणारे व्हॉट्सॅपवर पैशाला पासरी, माझं म्हणणं एवढंच की शब्द आधी मागं नेऊन बघा, लांब लांब जायला लागले तर तो योगायोग.

उलटंही होतं बरं का. 'ऊटा माडी होग्री' म्हणजे जेवून जा, त्यातलं माडी म्हणजे 'करून', आपल्या माडीशी त्याचं काही नातं नाही. पण वरच्या मजल्याची आपली माडी तमिळमध्येही माडीच आणि अर्थही मजलाच, तिथं योगायोग म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सोंडेवाल्याला कन्नडमध्ये 'आने' म्हणतात. आमच्याकडची म्हातारी माणसं पावलीला चार आनेच म्हणायची, त्यावरनं काकू काही बोलल्या तर ती मात्र चेष्टा समजा.