अडीच हजारांत पाच घोट

प्रश्न : काका, नमस्कार. उद्यमबागेत माझी छोटी फाउंड्री आहे. परवा कॅम्पमधल्या एका हॉटेलात व्हिस्की टेस्टिंग होतं. मेहुण्यानं फार आग्रह केला म्हणून दोघं गेलो. माणशी अडीच हजार. वाटलं होतं, समोर चार-पाच भारी बाटल्या असतील, निवांत बसू, गप्पा मारू. तर काय, पांढऱ्या कागदावर पाच गोल काढलेले, प्रत्येक गोलावर एक पिटुकला ग्लास आणि तळाला जेमतेम पंधरा मिली. पाचही एकाच कंपनीच्या. बसल्या बसल्या मसाला शेंगदाणे आणि चिकन ६५ आलं, बर्फाची बादलीही आली. कंपनीचा माणूस माईकवर सांगत होता : मध येतोय बघा, मनुका येतायत, कातड्याचा वास येतोय. मला पाचहीतून स्पिरिटच आलं. मेहुणा मान डोलवत होता, पण परत येताना गाडीत त्यानंही कबूल केलं की त्याला काही कळलं नाही. आम्ही फसलो, की माझं नाकच बाद झालंय?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाक शाबूत आहे. फसलात का, तर निम्मे. पण ज्या निम्म्याची तुम्ही तक्रार करताय, ते निम्मं नव्हे.

पंधरा मिलीवरून रागावू नका. पाच ग्लास म्हणजे ७५ मिली, आपल्याकडच्या हिशेबानं अडीच स्मॉल पेग. टेस्टिंगला एवढंच देतात आणि तेच बरोबर आहे, कारण तिसऱ्या ग्लासानंतर जीभ बधिर व्हायला लागते. मी गोव्यातल्या हॉटेलांत बार सांभाळण्यात आयुष्य काढलं. टेस्टिंगला येणारे निम्मे लोक प्यायला येतात आणि हिरमुसून जातात, हे मला पाठ आहे. बसून गप्पाच मारायच्या होत्या तर त्या पाच हजारांत दोघांची एक चांगली बाटली आली असती आणि गप्पा तुमच्याच गच्चीवर झाल्या असत्या.

फसलात ते दुसरीकडे. पाचही ग्लास एकाच घरचे असतील तर त्याला टेस्टिंग कसलं म्हणायचं? ती कंपनीची जाहिरात, आणि तिचे पैसे तुमच्याकडून घेतले. शेजारी ठेवायला वेगळं काही नसेल तर फरक कळणार कशात? त्यात आधी चिकन ६५. मिरचीनं तोंड पेटल्यावर मध काय आणि मनुका काय. बर्फानं उरलंसुरलं संपवलं, कारण गार झाल्यावर दारूचा वास वर यायलाच तयार नसतो. ज्यानं हे ताट मांडलं त्याला एक तर आपलं काम येत नव्हतं, नाही तर तुम्हाला फरक कळावा अशी त्याची इच्छाच नव्हती.

आता मध आणि मनुकांचं. माईकवरचा माणूस थोडा वाहवला असेल, पण थापा मारत नव्हता. स्कॉचमध्ये पाणी आणि रंगासाठी साधं कॅरॅमल, एवढंच घालायला कायद्यानं परवानगी आहे. म्हणजे मध-मनुका कुणी ओतत नाही. सातूला मोड आणून, आंबवून, तांब्याच्या भट्टीतून काढलेलं पाण्यासारखं स्पिरिट ओकच्या पिंपात निदान तीन वर्षं ठेवावं लागतं. फळांसारखा वास बराचसा आंबवतानाच तयार होतो. व्हॅनिला येतो तो ओकच्या लाकडातून. अमेरिकेत बर्बन, म्हणजे तिकडची मक्याची व्हिस्की, भरायला दर वेळी आतून जाळलेलं नवं कोरं पिंप लागतं, आणि एकदा वापरलेली ती पिंपं पुढं स्कॉटलंडला जातात, आपल्याकडेही येतात. मनुका-खारकेचा वास हा आधी शेरी, म्हणजे स्पेनमधली कडक वाइन, भरलेल्या पिंपाचा. धुराचा वास पीटचा, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या मातीचा. ती जाळून सातू वाळवतात. आणि कॅरॅमल चालतं म्हटल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा : गडद रंग म्हणजे जुनी दारू, असं मुळीच नाही.

मग तुम्हाला स्पिरिटच का आलं? कारण तुम्ही ग्लासात नाक खुपसून जोरात हुंगलं असणार. सगळेच तसं करतात. वर पहिल्यांदा येतो तो अल्कोहोल, आणि तो नाकाला झिणझिण्या आणतो. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूहळू वर आणा. वाइनसारखं गरगर फिरवू नका, त्यानं अल्कोहोलच जास्त उठतो. तेवढ्यानं जमलं नाही तर हाताचा उपाय करा. तळहातावर चार थेंब घ्या, दोन्ही हात चोळा. पहिला झणका उडून जाऊ द्या, मग ओंजळ नाकाशी न्या. जे उरतं ते धान्य आणि लाकूड. ओल्या भुश्शाचा, भाजलेल्या पिठाचा, कधी गुळाच्या काकवीचा वास येईल. फाउंड्रीत कोअर, म्हणजे साच्यातला वाळूचा गाभा, जास्त भाजला गेला तर तुम्हाला दारातूनच कळतं ना? ते नाक वर्षानुवर्षांच्या सवयीनं तयार झालंय. व्हिस्कीची सवय त्याला एका संध्याकाळीत कशी लागेल?

पाणी घाला, खुशाल घाला. ‘नीट’, म्हणजे बिनपाण्याची, पिणाऱ्यांचा रुबाब मला कधी पटला नाही. चमच्यानं चार-सहा थेंब घालायचे आणि परत हुंगायचं. स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी २०१७ साली संगणकावर हे तपासलं होतं. धुरकट वासाचा ग्वायकॉल नावाचा घटक दारू कडक असेल तर अल्कोहोलच्या रेणूंमध्ये अडकून राहतो, पातळ केली की पृष्ठभागाकडे येतो. म्हणजे नाकाच्या जवळ. आपल्याकडची साधी बाटली ४२.८ टक्क्यांची असते, तिला थेंबच पुरेत. कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली, म्हणून ५५-६० टक्क्यांची दिली तर मात्र चमचाभर लागतं.

पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी फोन करा आणि कोणत्या बाटल्या आहेत ते विचारा. यादी सांगायला कां-कूं केली तर घरी बसा. निदान तीन वेगवेगळ्या घरच्या हव्यात, त्यात एखादी आपली हवीच. आपल्या राज्यातली, बेंगळुरूची अमृत ही कंपनी १९४८ ची. तिनं २००४ साली आपली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्यातली, फक्त मोड आणलेल्या सातूची व्हिस्की, बाजारात आणली ती थेट स्कॉटलंडच्या ग्लासगोत. पुढे ‘व्हिस्की बायबल’ या वार्षिक पुस्तकाच्या २०१० च्या आवृत्तीत व्हिस्कीचे समीक्षक जिम मरे यांनी तिच्या ‘फ्यूजन’ला जगात तिसरं स्थान दिलं. आपल्या उष्ण हवेत दारू लवकर मुरते, आणि पिंपातून वर्षाला १०-१२ टक्के उडूनही जाते, स्कॉटलंडात सुमारे २ टक्के. म्हणून आपली चार-पाच वर्षांची माल्ट तिकडच्या बारा वर्षांच्या शेजारी ठेवून पाहण्यात खरी मजा. आणि हिंमत असेल तर तिसऱ्या ग्लासात नेहमीची स्वस्त ‘व्हिस्की’ ओता. तिच्यातलं स्पिरिट बऱ्याचदा मळीचं असतं, आपल्याच ऊसपट्ट्यातल्या एखाद्या कारखान्याचंही असेल. धान्याची नसली तर युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकताच येत नाही. हे तीन ग्लास ओळीनं हुंगलेत तर तुमच्या त्या पाच ग्लासांपेक्षा जास्त कळेल.

खायला साधं पाणी, बिनमिठाचे काजू, कोरडा पाव. आणि माझा हट्ट म्हणा, पण शेरीच्या पिंपातल्या माल्टबरोबर कुंद्याचा सुपारीएवढा तुकडा खाऊन बघा. आटलेल्या दुधाचा तो खरपूसपणा आणि पिंपातली मनुका एकमेकांना ओळखतात. पुण्या-मुंबईचे लोक त्यासाठी चॉकलेट देतात. देऊ देत.

राहता राहिली ती गाडी. ७५ मिलीत साधारण २५ ग्रॅम अल्कोहोल होतो. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि सत्तर किलोचा माणूस तेवढ्यात ती सहज ओलांडू शकतो. ‘नुसतं चाखलंय हो’ हे पोलिसाला सांगून चालत नाही. चांगल्या टेस्टिंगला थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरा, नाही तर रिक्षानं या.

प्रश्न : अशाच एका कार्यक्रमात आवडली म्हणून सिंगल माल्ट घेतली. मुलाच्या लग्नापर्यंत ठेवली तर आणखी मुरेल का? तो आता सातवीत आहे.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही मुरत. दारू मुरते ती लाकडात, काचेत नव्हे. बारा वर्षांची बाटली लग्नातही बारा वर्षांचीच राहणार. सील असेल तर खराब होणार नाही, फक्त उभी ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवलीत तर कडक स्पिरिट बूच खातं. ऊन लागू देऊ नका. मधेच फोडलीत आणि निम्म्याच्या खाली गेली तर वर्षभरात संपवा, आत हवा शिरली की वास उतरायला लागतो. आणि इतक्या वर्षांनी उघडताना बूच तुटून आत पडलंच तर घाबरू नका. चहाच्या गाळणीनं गाळून घ्या, पण ती आधी चांगली धुवा.