नवीन क्रिप्टो कॉइन घरच्या कॉम्प्युटरवर माइन करायला शिकतोय. मायनर चालवण्यासाठी अँटीव्हायरस बंद करू का?

नका करू. आणि ज्या कॉम्प्युटरवर घरातलं नेट बँकिंग चालतं, त्यावर तर अजिबात नको.

तुम्ही लिहिलंय की सहा कोअरचा रायझेन आहे, 16 जीबी रॅम आहे, नुकतंच आलेलं एक कॉइन माइन करून (म्हणजे कॉम्प्युटरला गणितं सोडवायला लावून बक्षिसाची नाणी मिळवून) बघायचंय, पण टेलिग्राम ग्रुपवर मिळालेली मायनरची, म्हणजे हे काम करणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइल विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर लगेच उडवतो. ग्रुपवाले सांगतात, ‘सगळेच मायनर पकडले जातात, बंद करून चालवा.’ यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. एक्सएमरिगसारखा उघड कोड असलेला सरळ मायनरसुद्धा अँटीव्हायरस पकडतो, कारण चोर तोच प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मशीनवर गुपचूप बसवतात. त्यामुळे डिफेंडर ओरडला म्हणजे फाइल वाईटच असं नाही. पण ती चांगली आहे याचाही तो पुरावा नाही. कोड गिटहबवर (जिथे लोक प्रोग्रॅमचा कोड सगळ्यांना बघायला ठेवतात) उघडा नसेल आणि नुसती एक्सई फाइल फिरत असेल, तर विषय तिथेच सोडा. कोड उघडा असेल तर फाइल त्यांच्या मूळ पानावरूनच उतरवा, तिथे दिलेला एसएचए 256 हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) विंडोजच्या सर्टयूटिल कमांडने ताडून बघा आणि डिफेंडरमध्ये फक्त त्या एका फोल्डरला सूट द्या. हा अतिरेक वाटत असेल तर एक प्रसंग सांगतो. नोव्हेंबर 2019 मध्ये खुद्द मोनेरो या नावाजलेल्या कॉइनच्या अधिकृत साइटवर कोणीतरी घुसून वॉलेटच्या (नाणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइल बदलल्या होत्या. ते लक्षात आलं ते एका वापरकर्त्याचा हॅश जुळला नाही म्हणून.

शिकायचंच असेल तर माझं मत, पहिले दोन आठवडे नव्या कॉइनला हात लावू नका. मोनेरोवर शिका. बिटकॉइन 2009 मध्ये घरच्या कॉम्प्युटरवर निघायचं, ते दिवस खास त्याच कामासाठी बनवलेल्या यंत्रांनी केव्हाच संपवले. इथेरियमने सप्टेंबर 2022 मध्ये मायनिंगच बंद केलं, तेव्हा ग्राफिक्स कार्डवाल्यांचं मोठं ठिकाण गेलं. मोनेरोने मात्र 2019 च्या शेवटी रँडमएक्स नावाची पद्धत आणली, ती मुद्दाम साध्या प्रोसेसरला सोयीची ठेवलेली आहे. तिला दोन जीबीहून थोडी जास्त रॅम लागते आणि प्रत्येक थ्रेडमागे (प्रोसेसर एकाच वेळी चालवतो त्यातल्या एकेका कामामागे) 2 एमबी एल-थ्री कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी. माझ्या रायझेन 3600 मध्ये 32 एमबी कॅशे आहे, म्हणून बाराच्या बारा थ्रेड चालतात. तुमचा 5600जी असेल तर कॅशे 16 एमबीच आहे, तेव्हा आठ थ्रेडवर थांबा. लॅपटॉप असेल तर नकोच, दिवसभर तापलेला लॅपटॉप फार काळ टिकत नाही.

वॉलेट बनवताना 25 शब्द मिळतील. ते कागदावर लिहा, फोटो काढू नका. मग मायनरमध्ये पूलचा (एकत्र माइन करून बक्षीस वाटून घेणाऱ्या गटाचा) पत्ता आणि आपल्या वॉलेटचा पत्ता घातला की झालं. पहिल्यांदा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून एकदा रीस्टार्ट करा, म्हणजे ह्यूज पेजेस (रॅम मोठ्या तुकड्यांत वापरायची सोय) सुरू होतील. हे केलं नाही तर वेग बराच पडतो आणि नवखा माणूस उगाच प्रोसेसरला दोष देत बसतो.

काळ्या खिडकीत ओळी सरकायला लागतील. ‘न्यू जॉब’ म्हणजे पूलने नवं काम दिलं. ‘ॲक्सेप्टेड’ आणि कंसात 1/0 दिसलं म्हणजे तुमचा एक शेअर (पूलला पाठवलेलं एक उत्तर) मान्य झाला, नाकारलेला एकही नाही. तिरपी रेघ ओलांडून दुसरा आकडा वाढायला लागला तर काहीतरी बिनसलंय, बहुतेक वेळा ठरलेल्या वेगापेक्षा जास्त ताणलेली रॅम. मधूनच वेगाची ओळ येते: दहा सेकंदांचा, मिनिटाचा आणि पंधरा मिनिटांचा. तिसरा आकडा धरा. माझा साधारण 6,500 हॅश प्रति सेकंद येतो, म्हणजे सेकंदाला उत्तर शोधायचे तेवढे प्रयत्न.

आता पैशांचं. इथे लोक वेबसाइटवरच्या कॅल्क्युलेटरवर विसंबतात. मी म्हणतो, जिन्याखालच्या मीटरपाशी जा. मीटरवर बारीक अक्षरांत एका युनिटला किती पल्स (लाल दिव्याची एकेक उघडझाप) ते छापलेलं असतं, माझ्यावर 3200 आहे. फ्रिज, पंखे सगळं बंद करायचं, मायनिंग चालू ठेवून दहा मिनिटं लाल दिव्याची उघडझाप मोजायची, मग कॉम्प्युटर पूर्ण बंद करून पुन्हा दहा मिनिटं. मला 70 आणि 11 मिळाले. फरक 59, म्हणजे साधारण 110 वॅट. दिवसाला 2.65 युनिट, महिन्याला 80. आणि ही 80 युनिटं तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर चढतात, त्यामुळे त्यांना महावितरणच्या वरच्या टप्प्याचा दर लागतो. वहन आकार, अधिभार, वीज शुल्क धरून युनिटला 12 रुपये धरले तर 960 रुपये.

मिळकत काय? मोनेरोचा ब्लॉक (व्यवहारांच्या वहीचं एक पान) दोन मिनिटांना एक आणि बक्षीस 0.6, म्हणजे दिवसाला जगभरात मिळून 432 मोनेरो निघतात. सगळ्या नेटवर्कचा वेग समजा सेकंदाला 5 गिगाहॅश, म्हणजे 5 अब्ज हॅश, आहे. त्यात माझा 6,500 चा वाटा काढला की महिन्याला जेमतेम 0.017 मोनेरो येतो. एका मोनेरोचा भाव 25 हजार रुपये धरला तर सव्वाचारशे रुपये. वेग आणि भाव रोज बदलतात, त्या दिवशीचे आकडे घालून तुम्हीच हिशोब करा, पण पद्धत हीच. शिवाय आपल्याकडे 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर अधिक सेस आहे, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा होत नाही, हे सरकारने संसदेत स्पष्ट केलंय.

‘मग नवं कॉइनच बरं ना, तिथे गर्दी कमी,’ असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं होतं. दोन-तीन वर्षांपूर्वी असंच एक कॉइन धरलं, नाव घेत नाही. पहिल्या आठवड्यात वॉलेटमध्ये हजारोंनी नाणी आली, सकाळी उठून आधी तेच बघायचो. मग कोणीतरी मोठा वेग घेऊन आला. असल्या कॉइनवर भाड्याने मायनिंगचा वेग आणणंही सोपं असतं. नेटवर्कने डिफिकल्टी (ब्लॉक काढणं किती अवघड ते) कितीतरी पटींनी वाढवली. त्याने दोन दिवसांत मलई खाल्ली आणि निघून गेला. डिफिकल्टी मात्र तिथेच राहिली, आणि ती ओढायला उरलो आम्ही पंधरा-वीस घरगुती मायनर. मिनिटाला यायचा तो ब्लॉक पाऊण पाऊण तास येईना. ती खाली यायला ब्लॉक निघावे लागतात आणि ब्लॉक काढायला माणसं राहिली नव्हती. महिन्याभरात ग्रुप शांत झाला, जिथे विकता येईल असं एकच छोटं एक्स्चेंज होतं त्याने ते कॉइन काढून टाकलं. नाणी अजून माझ्याकडे आहेत. विजेचं बिल मी तेव्हाच भरलं.

छोट्या नेटवर्कचा दुसरा धोका 51 टक्क्यांच्या हल्ल्याचा. अर्ध्याहून जास्त वेग एकाच्या हाती आला की तो मागचे ब्लॉक पुसून आपले लिहितो आणि तुमच्या बक्षिसाचा ब्लॉकही त्यात जातो. बिटकॉइन गोल्डवर 2018 मध्ये हे झालं, इथेरियम क्लासिकवर 2019 आणि 2020 मध्ये. ही त्या मानाने मोठी नेटवर्क होती.

आणि ग्रुपवर कोणी ‘मशीन तापवू नका, आमच्याकडे पैसे भरा, आम्ही माइन करून देतो’ म्हणालं तर लगेच बाहेर पडा. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेने महिना 10 टक्के, 18 महिने असं सांगूनच पैसे घेतले होते, आणि त्या प्रकरणातल्या मुख्य आरोपीला 2018 मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आपल्याच गावची माणसं त्यात अडकली.

एवढं सगळं सांगून मी तुम्हाला परतवत नाहीये. एका ब्लॉकमागे काय घडतं ते स्वतःच्या खिडकीत सरकताना बघणं मला आजही आवडतं, आणि सुरुवातीच्या दोन महिन्यांत नेटवर्क, मेमरी, लिनक्स जे कळलं ते कुठल्या क्लासमध्ये कळलं नसतं. माझं मशीन आता फक्त थंडीत चालतं, रात्री, अभ्यासाच्या खोलीत. मे महिन्यात त्या खोलीत बसवत नाही.

तुम्ही एवढं करा. त्या ग्रुपवर तीन गोष्टी विचारा: कोड कुठे आहे, सुरू होण्याआधीच निर्मात्यांनी स्वतःसाठी किती नाणी काढून ठेवली, आणि डिफिकल्टी किती ब्लॉकनी बदलते. कोडची लिंक दिली तर इथे टाका, मी शनिवारी निवांत उघडून बघतो. विचारल्यावर ग्रुपमधून काढलंच, तर तेही कळवा.