रात्री दीडपर्यंत व्हॅम्पायर

‘पोरगी रक्त पिणाऱ्यांच्या गोष्टी वाचते. रात्री दीडला पांघरुणाखाली मोबाइल. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, देवऋषाकडे न्या. आता तुम्हीच बघा.’

साताऱ्यात शाहूपुरीत राहणाऱ्या एका आईने खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे सगळं सांगून टाकलं. मुलगी नववीत, सेमी-इंग्रजी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) थोड्याफार फरकाने ही तक्रार बऱ्याच घरांतून येते, म्हणून जरा सविस्तर.

मालिका होती ‘ट्वायलाइट’. स्टेफनी मेयर यांची, २००५ ते २००८ या काळात आलेली, मुख्य चार भागांची. इंग्रजी पुठ्ठा-बांधणीत सगळी मिळून साधारण २,४०० पानं. पुण्याच्या मावसबहिणीने संच दिला. मुलगी तिसऱ्या भागाच्या मध्यावर असताना घटक चाचणीचे गुण आले आणि वडिलांनी चारही पुस्तकं माळ्यावर टाकली. त्याच संध्याकाळी मैत्रिणीकडून पीडीएफ मोबाइलवर आली. तोवर वाचन ट्यूबलाइटखाली, अकरापर्यंत चालायचं. आता ते पांघरुणाखाली गेलं, दीडपर्यंत लांबलं आणि मधे मधे मेसेजची टुणटुण सुरू झाली. पुस्तक काढून घेतल्यावर बहुतेक घरांत हेच होतं: वाचन थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं.

गुणांचं आधी पाहू. गणितात २० पैकी १६ वरून ९. इंग्रजीत मात्र १७ चे १७. पुस्तकाने डोकं बिघडवलं असतं, तर एकाच विषयावर का रुसलं? गणिताची शिकवणी सकाळी साडेसहाला. उठायचं पावणेसहाला. अकराला झोपलं तरी पावणेसात तास मिळायचे, दीडला झोपल्यावर तर सव्वाचारच, आणि या वयाला ८ ते १० तास लागतात. बाधा होती ती एवढीच.

१४ दिवस तिने वहीच्या मागच्या पानावर तीन आकडे लिहायचे ठरले: दिवा किती वाजता बंद, उठले किती वाजता, आज किती पानं. कुणी तपासायचं नाही. पुस्तकं माळ्यावरून खाली आली (वडील कुरकुरले), पीडीएफ गेली, मोबाइल साडेनऊला स्वयंपाकघरात चार्जिंगला. रोज ४० पानं, रविवारी मोकळीक. पावणेदहाला दिवा बंद, म्हणजे आठ तास.

चौथ्या दिवशी करार मोडला. रात्री एकपर्यंत वाचन. आई म्हणाली, ‘बघा, शब्दाला किंमत नाही.’ पण मोडला का, ते वहीत दिसत होतं. ती प्रकरण संपवून थांबत होती, आणि अशा मालिकांत प्रकरण संपतंच मुळी कुणीतरी दार उघडताना किंवा काहीतरी कबूल करताना. तिथे पुस्तक मिटवणं मोठ्यांनाही जमत नाही. उपाय साधा निघाला: प्रकरणाच्या मध्यावर थांबायचं. जिथे जेवण चाललंय, गाडी चाललीय, कुणी कपडे घड्या करतंय, तिथे खूण घालायची. त्यानंतरच्या दहा दिवसांत दोनदाच उशीर झाला.

आजींना बाधेची भीती होती, ती उपदेशाने गेली नसती. नातीनेच सांगितलं की यातला नायक एडवर्ड १९१८च्या साथीत मरणाच्या दारात असताना व्हॅम्पायर झाला. आजी चमकल्या. ‘म्हणजे मानमोडी?’ त्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत, आणि सासूबाईंकडून तिच्या गोष्टी त्यांनी ऐकल्या होत्या. मग कळलं की त्याचं कुटुंब माणसांऐवजी फक्त जनावरांचं रक्त पितं आणि स्वतःला ‘शाकाहारी’ म्हणवतं. आजी किती तरी वेळ हसत होत्या. देवऋषाचा विषय नंतर निघाला नाही.

आता खरा मुद्दा. ‘त्यात घाणेरडं आहे का?’ असं आई हळू आवाजात विचारते. पहिल्या तीन भागांत चुंबनापलीकडे फारसं काही नाही. चौथ्यात लग्न आहे, लग्नाची रात्र थेट वर्णन न करता उरकली आहे, पण दुसऱ्या दिवशी नायिका बेलाच्या अंगावर वळ आहेत, आणि पुढचं बाळंतपण चांगलंच रक्ताळलेलं आहे. मला मात्र सुळ्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. पहिल्या भागात एडवर्ड रात्री बेलाच्या नकळत तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली बघत बसतो. तिसऱ्यात ती मित्राकडे जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. बरीचशी गोष्ट बेला स्वतः सांगते, त्यामुळे वाचणारी तिच्याच डोळ्यांनी बघते, आणि पहारा प्रेमासारखा दिसायला लागतो.

हे मुलीला सांगून उपयोग नसतो. ‘तो कसा चुकीचा आहे’ म्हटलं की ती त्याची वकील होते. म्हणून नुसती जागा बदलली. सुळे काढ, चमकणारी कातडी काढ. शाहूपुरीत समोरच्या गच्चीवर शिकवणीतला एक मुलगा रोज रात्री तुझ्या खिडकीकडे बघत उभा आहे.

‘शी!’ ती पटकन म्हणाली. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, ‘पण तो एडवर्ड आहे ना.’ त्यावर काही बोललो नाही. दोन-तीन मिनिटांनी तीच म्हणाली, ‘आमच्या क्लासमधल्या एकीला तिचा बॉयफ्रेंड लाइव्ह लोकेशन सतत ऑन ठेवायला लावतो. ती म्हणते, किती काळजी करतो.’

इथे मोठी माणसं नेमकी चूक करतात: झडप घालतात. कोण मुलगी, कुठला क्लास, तुझंही असं काही आहे का? दार बंद. तिला फक्त एवढं विचारलं की इंजिनाचा तो प्रसंग बेलाचे वडील चार्ली सांगत असते, तर कसा सांगितला असता. ते गावचे पोलीसप्रमुख आहेत, हे तिला बरोबर आठवलं. पुढच्या भेटीला ती दीड पान लिहून घेऊन आली. चार्ली त्यात बराच चिडलेला होता.

आईला इंग्रजी जड जातं. म्हणून रोज पोळ्या लाटताना मुलीने १० मिनिटं गोष्ट सांगायची, आणि आईने अभ्यासाचं नाव काढायचं नाही. पहिल्या दिवशी तिसऱ्या मिनिटाला ‘हे पाठ आहे, आणि विज्ञान?’ झालंच. नंतर जमलं.

दुसऱ्या भागाबद्दल पालकांनी एक लक्षात ठेवावं. एडवर्ड सोडून जातो तेव्हा बेलाचे चार महिने पुस्तकात महिन्यांची नावं असलेल्या कोऱ्या पानांनी दाखवले आहेत, आणि त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून ती पुढे कड्यावरून समुद्रात उडी मारते. आधीच खचलेल्या मुलीने हा भाग एकटीने वाचू नये. काळे कपडे, सुळ्यांची चित्रं, मोबाइलवरचा व्हॅम्पायरचा फोटो याने घाबरायचं कारण नाही. पण हातावर कापल्याच्या खुणा, दोन आठवडे जेवणावरून उडालेलं मन, सगळ्या मैत्रिणी तुटणं किंवा मरणाची भाषा दिसली, तर पुस्तकाशी भांडत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

मालिका संपल्यावर चार-पाच दिवस मुलं हरवल्यासारखी असतात, चिडचिडतात. त्या दिवसांत पुढचं पुस्तक हाताशी हवं. या घरी वडिलांनी स्वतःच्या कॉलेजच्या काळातलं नारायण धारपांचं एक पुस्तक शोधून काढलं, आणि एका रविवारी सगळे भिलारला, पुस्तकांच्या गावी जाणार आहेत. चौथा भाग दिवाळीच्या सुट्टीवर ठेवलाय. बाळंतपणाच्या प्रकरणाआधी आईला सांगायचं, असं मुलीनेच ठरवलं. आईचा दुसरा भाग चालू आहे, आणि तो परत येतो की नाही ते मुलगी सांगायला तयार नाही.