टेप आणि टोटल स्टेशन जुळत नाही? मशीन रिपेअरला पाठवू नका

चिंचोळी एमआयडीसीत उघड्या यार्डात 24 मीटरचा पाइप ट्रस (पाइप त्रिकोणांत जोडून केलेला सांगाडा) बनवायचं काम चाललंय, स्टीलचा टेप सकाळ-दुपार तेच माप देतो आणि टोटल स्टेशन (प्रकाशकिरणाने अंतर मोजणारं सर्व्हेचं यंत्र) दुपारी 7 मिमी जास्त दाखवतं, असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही बरोबर आहेत, दादा.

पोलाद दर अंशाला, दर मीटरमागे 0.012 मिमी वाढतं. पहाटे 27 अंशांवर असलेला पाइप आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी सहज 52 वर जातो, हात ठेववत नाही. 25 अंशांचा फरक, 24 मीटर लांबी, म्हणजे 7.2 मिमी. टेपही पोलादाचाच. पाइपवर पसरला की त्याच्यासोबत तापतो, वाढतो, आणि वाढ लपवतो. टोटल स्टेशन प्रकाशावर मोजतं, त्यामुळे ती वाढ त्यात दिसते.

लांबीपेक्षा मला बाकाची भीती जास्त वाटते. ट्रस उभा असेल, वरच्या कॉर्डवर (ट्रसच्या वरच्या लांब पाइपवर) ऊन आणि खालची सावलीत असेल, तर 15 अंशांच्या फरकाने दीड मीटर खोलीचा हाच ट्रस मध्यभागी साडेआठ मिमीच्या आसपास वर उचलला जातो. त्या वेळी कॅम्बर (ट्रसला मुद्दाम दिलेला वरचा बाक) तपासून सही घेतली, तर ती सही उन्हाला दिली म्हणायची!

म्हणून फायनल माप सूर्य उगवायच्या आधी घ्या. चुंबकाचा थर्मामीटर दोन्ही कॉर्डना लावा आणि आकडा रिपोर्टमध्ये लिहा. कुठल्या तापमानाला माप धरायचं हे ड्रॉइंगवर नसेल, तर क्लायंटकडून लेखी घ्या.

दुसरं, टोटल स्टेशन ज्यावर रोखतो तो परावर्तक स्टिकर पाइपच्या पाठीवर असतो, ड्रॉइंगचं माप मात्र सेंटर लाइनचं. 150 एनबी (नॉमिनल बोअर, म्हणजे पाइपचं नावापुरतं माप) पाइपचा बाहेरचा व्यास 168.3 मिमी, म्हणून डोळे झाकून त्याचे निम्मे, 84.15, वजा करू नका. पाइप थोडा अंडाकृती असतोच. समोरासमोर दोन स्टिकर लावा आणि मधला बिंदू काढा. स्टिकरसाठी मशीनमध्ये प्रिझमचं (स्टिकरऐवजी वापरतात त्या काचेच्या परावर्तकाचं) सेटिंग राहिलं नाही ना, तेही बघा.

वेल्डिंगने जोड आखडतो, त्यामुळे टॅकनंतर (तात्पुरत्या छोट्या वेल्डनंतर) एक माप आणि पूर्ण गार झाल्यावर दुसरं.

काँक्रीटच्या पायात रोवलेल्या फाउंडेशन बोल्टचं अंतरही याच मशीनने घ्या. काँक्रीट पाइपइतकं तापत नाही, म्हणून ट्रस दुपारी चढवला तर त्याची बोल्टची भोकं पुढे सरकलेली दिसतील. एका टोकाला स्लॉट होल (लांबट भोक) दिलंय का, ते आत्ताच बघून ठेवा.