पेंग्विनचा हिशेब कोण ठेवतं?

पत्र : मुलगी 19 वर्षांची आहे. बारावी सायन्स, पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी). नीट दोनदा दिली, पहिल्यांदा 231 आणि दुसऱ्यांदा 268. तिला समुद्रपक्ष्यांचं वेड आहे. दक्षिण आफ्रिकेत ‘सॅनकॉब’ नावाची संस्था आहे, ती पेंग्विन वाचवते. तिथं काम करायचं असं नववीपासून घोकते आहे. पक्ष्यांचं काम करायचं तर डॉक्टरच व्हावं लागतं, हे मी तिला पटवून दिलंय, आणि व्हेटर्नरीला जायचं तर नीट. म्हणून तिसऱ्यांदा रिपीट करायचं ठरवलं आहे. पण तिचं लक्ष लागत नाही. सोसायटीच्या गणपतीचा जमाखर्च लिहिणं, बिल्डरला पत्रं पाठवणं यातच वेळ घालवते. वर्गणीत 11 हजारांची तफावत निघाली म्हणून नीटच्या महिनाभर आधी पावत्या घेऊन बसली होती! तिला चार समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात. — एक वडील, पनवेल

नमस्कार,

268 गुण वाचून मला फारशी काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती ‘हे मी तिला पटवून दिलंय’ हे वाचून. मुलांवर दबाव टाकणारे पालक मला रोज भेटतात. बहुतेक जण स्वतःचं राहून गेलेलं स्वप्न पुढे करतात. त्यात निदान भांडण सरळ असतं. तुम्ही मात्र तिचंच स्वप्न घेतलंत आणि त्याला नीटचं कुलूप घातलंत. त्यामुळे आता ती पुस्तकासमोरून उठली की वडिलांचं ऐकत नाही एवढ्यावर थांबत नाही, तिचं पक्ष्यांवरचं प्रेमच खोटं ठरतं. ‘एवढं वेड आहे ना, मग बस की अभ्यासाला’ हे तुमच्या घरात किती वेळा बोललं गेलं असेल? बापाला नाही म्हणता येतं. स्वतःच्या आवडीला नाही कसं म्हणायचं, हे 19 वर्षांच्या मुलीला कोण शिकवणार?

तुमचा हेतू चांगला असणार, त्याबद्दल शंका नाही. पण ज्या माहितीच्या जोरावर तुम्ही हे पटवून दिलंत ती माहितीच चुकीची आहे. आणि गंमत म्हणजे ती चूक तुमच्या मुलीच्या आवडत्या संस्थेवरूनच दाखवता येते.

सॅनकॉब 1968 साली केप टाउनमध्ये सुरू झाली. ‘एसो एसेन’ नावाच्या टँकरमधून तेल सांडलं, पेंग्विन तेलानं माखले आणि अल्थिया वेस्टफल या बाईंनी त्यांतले काही आपल्या घरी आणले. तिथून संस्था उभी राहिली. पुढची मोठी परीक्षा जून 2000 मध्ये आली. ‘ट्रेझर’ हे मालवाहू जहाज केप टाउनजवळच्या रॉबेन आणि डासेन या बेटांच्या मधोमध बुडालं. दोन्ही बेटांवर पेंग्विनच्या मोठ्या वसाहती, आणि तेव्हा विणीचा हंगाम. सुमारे 19 हजार पेंग्विन तेलात माखलेले सापडले. ते शहरात आणले, एक मोठी गोदामवजा जागा मिळवली आणि हजारो स्वयंसेवकांनी पक्षी धुवायला, भरवायला सुरुवात केली. जंगली पेंग्विन मेलेला मासा आपणहून खात नाही, त्याची चोच उघडून मासा घशात सरकवावा लागतो. तो चावतोही कडकडून. असे हजारो पक्षी, आठवडेच्या आठवडे.

आणखी सुमारे साडेएकोणीस हजार पक्ष्यांना अजून तेल लागलेलं नव्हतं. त्यांचं काय करायचं? त्यांना पकडून ट्रकनं लांब पूर्वेला, पोर्ट एलिझाबेथ शहराजवळ नेलं आणि तिथून समुद्रात सोडलं. ते पोहत घरी पोचेपर्यंत बेटांभोवतीचं तेल साफ करायला वेळ मिळेल, हा हिशेब होता. तिघांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर लावले होते. पीटर, पर्सी आणि पामेला अशी त्यांची नावं. ते कुठवर आले हे लोक रोज बघत होते. धुतलेल्या पक्ष्यांपैकी 90 टक्क्यांहून जास्त जगले.

आता मला सांगा, या सगळ्यात डॉक्टर किती लागले असतील? लागले, नक्कीच. त्यांच्याशिवाय रक्ततपासणी, सलाइन, फुप्फुसाचे आजार यांचं काही झालं नसतं. पण मासे कोणी मागवले? त्यांचे पैसे कोणी चुकते केले? एवढ्या स्वयंसेवकांच्या पाळ्या कोणी लावल्या, ट्रक कोणी ठरवले, जहाजाच्या विमा कंपनीपुढे खर्चाचे कागद कोणी मांडले? ‘पक्षी वाचवणं म्हणजे पक्ष्याला हात लावणं’ हा समज इतका पक्का आहे की मुलंसुद्धा तोच धरून बसतात. व्हिडिओत दिसतो तो पेंग्विन आणि त्याला मासा भरवणारा हात. तो मासा फ्रीझरमध्ये वेळेवर आला, फ्रीझरचं वीजबिल भरलेलं होतं आणि त्या हाताचा पगार महिनाअखेरीस झाला, हे व्हिडिओत दिसत नाही. कुठल्याही अशा संस्थेच्या कार्यालयात जा. देणगी मागणारे, जमाखर्च ठेवणारे, सरकारशी पत्रव्यवहार करणारे, शाळांमध्ये जाऊन बोलणारे, बेटावर घरट्यांची मोजणी करणारे असे सगळे भेटतील. प्राण्यांचे डॉक्टर त्यांच्यात एक भाग, बाकीच्यांपेक्षा महत्त्वाचे किंवा कमी महत्त्वाचे नाहीत.

उलट आज आफ्रिकन पेंग्विनला सगळ्यात जास्त गरज दवाखान्याबाहेरच्या लोकांची आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. प्रजननक्षम जोड्या 10 हजारांहून कमी उरल्या आहेत. तेलगळती हे एक कारण, पण रोजचं कारण भूक आहे. सार्डिन आणि अँचोव्ही हे त्याचे मासे, आणि तेच मासे मोठ्या बोटी वसाहतींच्या आसपास जाळ्यांनी ओढून नेतात. पिसं झडण्याच्या काळात पेंग्विन सुमारे तीन आठवडे पाण्यात उतरू शकत नाही. त्याआधी पोटभर खाल्लं नसेल तर तो किनाऱ्यावर उभ्या उभ्या खंगतो. पिल्लं मागे सोडूनही जातो. ती टाकलेली पिल्लं सॅनकॉब उचलून आणते, वाढवते, सोडते. 2006 पासून हा कार्यक्रम चालू आहे. पण समुद्रात मासाच नसेल तर सोडून उपयोग काय?

म्हणून मार्च 2024 मध्ये सॅनकॉब आणि बर्डलाइफ साउथ आफ्रिका या दोन संस्था न्यायालयात गेल्या, थेट मंत्र्यांच्या निर्णयाविरुद्ध. सहा महत्त्वाच्या वसाहतींभोवती मासेमारी बंद ठेवण्याच्या हद्दी तोकड्या आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्षभरानं, मार्च 2025 मध्ये, मासेमारी उद्योगाच्या संघटनांबरोबर तडजोड झाली आणि ती न्यायालयाच्या आदेशात उतरली. नव्या हद्दी दहा वर्षांसाठी ठरल्या. या लढाईत एकाही पेंग्विनला कुणी इंजेक्शन दिलं नाही. नकाशे होते, आकडे होते, शपथपत्रं होती आणि चिवट वकील होते.

आता तुमच्या पत्राकडे परत येते. जी गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीत ती मी तीनदा वाचली. गणपतीच्या वर्गणीतली 11 हजारांची तफावत शोधून काढणारी मुलगी! सोसायटीत मोठी माणसं गप्प बसलेली असताना बिल्डरला लेखी विचारणारी मुलगी! अहो, संस्थांना अशी माणसं मिळत नाहीत. परदेशी देणगीचे नियम, देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या 80जीच्या पावत्या, एका देणगीदाराचा पैसा दुसऱ्या कामावर खर्च झाला नाही हे दाखवणारे दाखले, कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीचा जाब, यात चांगल्या संस्था अडकून पडतात. पक्ष्यावर प्रेम करणारे खूप भेटतात. पक्ष्यावर प्रेम करणारा आणि बॅलन्सशीट वाचता येणारा माणूस भेटला तर संस्था त्याला सोडत नाही.

तर माझं स्पष्ट मत : नीटचा तिसरा प्रयत्न नको. बीव्हीएस्सी हा प्राण्यांच्या डॉक्टरांचा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात मुख्यतः गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या, कुत्री-मांजरं येतात. चांगलाच व्यवसाय आहे, पण तो ज्याला हवा त्यानं करावा. तुमच्या मुलीला जीवशास्त्राच्या अभ्यासात रस असल्याचं तुमच्या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. सायन्सनंतर बी.कॉम. आणि सीए फाउंडेशन करता येतं, पाच वर्षांचं एलएलबीही सीईटी देऊन करता येतं. त्या वाटा तुम्हाला माहीतच असतील. दोन्हींपैकी काय, हे तिला ठरवू द्या. मला विचाराल तर पत्रं लिहिण्याच्या सवयीवरून माझा कौल कायद्याकडे झुकतो, पण मी तिला भेटलेले नाही.

तिच्यासाठीही दोन कडू गोष्टी. केप टाउनला नोकरी मिळेल हे आधी डोक्यातून काढायचं. परदेशातून येणारे बहुतेक जण तिथं काही आठवडे स्वतःच्या खर्चानं स्वयंसेवक म्हणून राबतात, पिंजरे धुतात, विष्ठेनं भरलेल्या चटया घासतात आणि परत जातात. नोकऱ्या आधी तिथल्या लोकांना, आणि ते योग्यच आहे. दुसरं, अशा संस्थांमध्ये पगार बेताचा असतो. सीए किंवा वकील झाली तर ती काही वर्षं बाहेर कमावून मग आत येऊ शकते, हा त्यातला फायदा.

आणि समुद्रपक्ष्यांसाठी आफ्रिकाच कशाला? पावसाळ्यात वादळी वाऱ्यात भरकटलेले मास्क्ड बूबी नावाचे समुद्रपक्षी आपल्या कोकण किनाऱ्यावर थकून पडलेले सापडतात, ही काही नवी गोष्ट नाही. मुंबईत बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) 1883 पासून काम करते आहे. कांदळवन प्रतिष्ठानचं केंद्र ऐरोलीला आहे, पनवेलहून किती लांब? तिनं तिथं जाऊन ‘मला पक्षी बघायचेत’ म्हणण्याऐवजी ‘तुमच्या कार्यालयात महिनाभर काय काम देऊ शकाल’ असं विचारावं. नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारावं. बिल्डरला पत्र लिहिणाऱ्या मुलीला हे अवघड जाऊ नये.

तिला चार समजुतीच्या गोष्टी सांगा असं तुम्ही म्हणालात. सांगायची गोष्ट एकच आहे आणि ती मी सांगून उपयोग नाही, तुम्हीच सांगायला हवी. ‘पक्ष्यांचं काम करायला डॉक्टर व्हावं लागत नाही, माझी माहिती चुकीची होती’ एवढंच म्हणा. पुढे ‘पण’ लावू नका. ती लगेच आनंदानं उड्या मारेल अशी अपेक्षाही धरू नका. दोन वर्षं ज्या गोष्टीसाठी स्वतःला दोष दिला ती गोष्ट मुळात नव्हतीच, हे कळल्यावर आधी राग येईल. तो येऊ द्या.

आणि तिसऱ्या वर्षाच्या क्लासची फी भरून झाली असेल तर ती परत मिळते का, हे या आठवड्यातच लेखी विचारा. पत्र तिच्याकडूनच लिहून घ्या.