‘लेझर रूट कॅनाल’साठी जादा पैसे द्यावेत का?

चिपळूणला खालच्या दाढेचं रूट कॅनाल सांगितलंय आणि ‘लेझरने जंतू शंभर टक्के मरतात’ म्हणून जादा पैसे मागतायत, द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. डॉक्टरांना आधी एवढंच विचारा: लेझर कुठल्या प्रकारचा, डायोड की अर्बियम?

‘लेझर म्हणजे लेझर, पेशंटला काय कळतंय’ हे आमच्या धंद्यातलं वाक्य मी फार वेळा ऐकलंय. डायोड (८१० ते ९८० नॅनोमीटर) पाण्यात फारसा शोषला जात नाही, त्याचं काम उष्णतेचं. २०० मायक्रॉनची फायबर (लेझरचा प्रकाश नेणारी बारीक तार) मुळाच्या टोकाच्या १ मिमी अलीकडे नेऊन गोल फिरवत बाहेर काढायची. हात एका जागी थांबला आणि मुळाबाहेरचं तापमान १० अंशांहून जास्त वाढलं, तर हाड दुखावतं. शिवाय फायबर जाते सरळ. खालच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात दोन नळ्या (रूट कॅनाल म्हणतात त्या) असतात आणि त्यांना जोडणारी चिंचोळी फट. डायोड मारूनही पुन्हा दुखलेली अशी एक दाढ उघडली, तर जुना गटापर्चा (नळीत भरलेला रबरासारखा पदार्थ) काढल्यावर मायक्रोस्कोपखाली ती फट करड्या गाळाने गच्च भरलेली. तिथे ना फाइल (नळी घासायची बारीक सुई) पोचली होती, ना फायबर.

अर्बियम याग (२९४० नॅनोमीटर) पाण्यातच शोषला जातो. प्रत्येक पल्सला टिपेशी वाफेचा बुडबुडा फुगतो, फुटतो, आणि नळीत भरलेला जंतुनाशक द्रव फटीत घुसतो. म्हणून टिप नळीत घालायची नाही, वरच्या पोकळीत द्रवात बुडवून धरायची. मशीनचं सेटिंग: २० मिलिजूल, १५ हर्ट्झ, ५० मायक्रोसेकंद, म्हणजे जेमतेम ०.३ वॉट. मशीनचा हवा-पाण्याचा फवारा बंद. हायपोक्लोराइटचे (हाच तो जंतुनाशक द्रव) ३० सेकंदांचे तीन फेरे, मध्ये ३० सेकंद थांबा, मग पाणी, मग १७ टक्के ईडीटीएचा (नळीच्या भिंतीवरचा थर विरघळवणारा द्रव) एक फेरा. असिस्टंटने सतत द्रव भरत राहायचं. पातळी उतरली की नुसता टकटक आवाज येतो, सफाई होत नाही. दाढेची भिंत तुटकी असेल तर आधी कंपोझिटने (दाताच्या रंगाचं फिलिंग) उभी करा, नाहीतर द्रव टिकतच नाही.

आणि हायपोक्लोराइट ताजं हवं. आपल्याकडे मे महिन्यात खिडकीत उन्हाला ठेवलेल्या बाटलीत क्लोरीन उरतो किती? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! गडद बाटली, फ्रिज, झाकणावर उघडल्याची तारीख.

तर, डायोडसाठी जादा पैसे मी तरी देणार नाही. अर्बियम असेल आणि दाढ वाकड्या मुळांची किंवा दुसऱ्यांदा उघडलेली असेल, तर विचार करा. मात्र शंभर टक्के जंतू कशानेच मरत नाहीत, आणि अर्बियममुळे दात जास्त वर्षं टिकतो असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा अजून नाही. साध्या अल्ट्रासोनिक (लेझर नसलेल्या, कंपनाने द्रव हलवणाऱ्या) टिपेने २० सेकंदांचे तीन फेरे मारले तरी बरीच सफाई होते. रबर डॅम (दात तोंडापासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) न लावता कोणी लेझर मारत असेल तर खुर्चीवरून उठा. लहान मुलाच्या दाताच्या मुळाचं टोक अजून उघडं असेल तर जपूनच: तिथून हायपोक्लोराइट हाडात गेलं की गाल तासाभरात सुजतो.